जर्मन नागरिकत्व घ्यावं का? आई-वडील गावाकडे असताना हा निर्णय कसा घेतलात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, मी प्रयोगशाळेत काम करते, लेक तिसरीत आहे. आम्हा दोघांकडे कायमचा राहण्याचा परवाना आहे (निडरलासुंग्सएरलाउबनिस, पुढे नुसतं एनई म्हणते). 2024च्या 27 जूनला इथला नवा नागरिकत्व कायदा लागू झाला. आठ वर्षांच्या वास्तव्याची अट पाचावर आली आणि जुनं नागरिकत्व सोडायची अटही गेली. आमच्या शेजारचं तुर्की कुटुंब दोन्ही पासपोर्ट ठेवून जर्मन झालं. आपल्याला ती सोय नाही, कारण आपल्या राज्यघटनेचं कलम 9 आणि 1955चा नागरिकत्व कायदा तसं होऊ देत नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच दिवशी भारतीय नागरिकत्व संपतं.

माहेर वाई तालुक्यात. मी एकुलती एक. वडिलांच्या नावावर थोडी जमीन आहे, हळद आणि ऊस होतो. दोघंही सत्तरी ओलांडलेले. आईला हे सगळं फोनवर समजावून सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "मला बरं नसलं की येता येईल ना तुला?" मला त्या प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही.

म्हणून हा धागा. कागदपत्रांची यादी सरकारी पानांवर मिळते. मला हवंय ते असं: ज्यांनी नागरिकत्व घेतलं त्यांनी का घेतलं, ज्यांनी विचारपूर्वक घेतलं नाही त्यांनी का नाही. गावाकडच्या जमिनीचं काय होतं, आणि आई-वडिलांजवळ वर्ष-सहा महिने राहायची वेळ आली तर काय, हेही कुणी अनुभवाने सांगितलं तर फार मदत होईल.

रानवाटा

चांगला धागा. आधी प्रक्रियेचं थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांना मूळ प्रश्नावर लिहिता येईल.

पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य, बी-1 पातळीचं जर्मन, स्वतःच्या कमाईवर घर चालतंय याचा पुरावा, आणि नागरिकत्वाची परीक्षा. परीक्षेत 33 प्रश्न असतात, 30 देशाबद्दलचे आणि 3 तुमच्या राज्याबद्दलचे. 17 बरोबर आले की पास. सगळे प्रश्न आधीच जाहीर केलेले आहेत, 300 सर्वांना समान आणि प्रत्येक राज्याचे 10. फी 25 युरो, केंद्र बहुतेक ठिकाणी फोल्क्सहोखशूलेत (गावच्या प्रौढ शिक्षण केंद्रात). नागरिकत्वाच्या अर्जाची फी मोठ्यांना 255 आणि सोबत अर्ज केलेल्या मुलांना 51 युरो.

एनई असलीच पाहिजे असं नाही, ब्लू कार्डवरूनही (उच्चशिक्षितांचा नोकरी-वास्तव्याचा परवाना) थेट अर्ज करता येतो. तीन वर्षांत नागरिकत्व देणारा जलद मार्ग मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये बंद झाला, जुने लेख वाचून त्याच्या भरवशावर राहू नका.

जन्मदाखला आत्ताच शोधून ठेवा. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं आई-वडिलांचं नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी". ते नाव ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत चढवून घ्यायला वेळ लागतो. भाषांतर इथल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्या.

पारिजात

कृष्णाकाठ, तुझ्या आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते, कारण आमच्या घरात सगळा निर्णय त्याच प्रश्नावर झाला.

आपण समजतो की भारतीय पासपोर्ट हातात असला म्हणजे आई-वडिलांकडे जाणं सोपं. जाणं सोपं असतंच, अडचण परत येण्याची असते. एनई असलेला माणूस सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिला, तर एनई आपोआप संपते. कुणी पत्र पाठवत नाही, आधी सूचना देत नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून आधी जास्त मुदत लिहून घेता येते, पण ती देणं त्यांच्या हातात असतं. पंधरा वर्षं इथे कायदेशीर राहून उत्पन्न पक्कं असेल तर सूट आहे. ईयूचा, म्हणजे युरोपीय संघाचा, कायमचा परवाना (डाउअरआउफएंटहाल्ट-ईयू) असेल तर मुदत ईयूबाहेर बारा महिने, आणि तो ब्लू कार्डवरून मिळालेला असेल तर चोवीस. आपल्यापैकी बहुतेकांकडे मात्र साधी एनई असते आणि या फरकाची कल्पना नसते.

माझ्या वडिलांना सांगलीत पक्षाघात झाला तेव्हा मी एनईवर होते. नोकरीतून बिनपगारी रजा घेतली, गेले. ते हळूहळू बोलायला लागले होते, फिजिओथेरपी चालू होती, आईला एकटीला उचलणं जमत नव्हतं. सहावा महिना जवळ आला तशी माझी झोप उडाली. नवरा आणि मुलगा इथे, वडील तिथे. शेवटी मुदतीच्या आत परत आले. नंतर लगेच नागरिकत्वाचा अर्ज केला.

नागरिकत्व मिळाल्यावर ओसीआय कार्ड काढलं (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते). पुढच्या खेपेला सलग वर्षाहून जास्त राहिले, वडिलांच्या शेवटच्या दिवसापर्यंत. ओसीआयवर भारतात कितीही दिवस राहता येतं, पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. आणि जर्मन नागरिक कितीही वर्षं बाहेर राहिला तरी त्याला परत यायला कुणी अडवू शकत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्यांचे आई-वडील भारतात म्हातारे होत आहेत आणि ज्यांची मुलं इथे वाढत आहेत, त्यांना दोन्ही घरांत मोकळेपणाने राहण्याचा हक्क आज जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय या जोडीनेच मिळतो. भारतीय पासपोर्ट आणि एनई या जोडीने मिळत नाही. हे ऐकायला उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. भारतीय पासपोर्ट देताना मी खूप रडले. पण वडिलांच्या उशाशी बसले होते तेव्हा तारखा मोजाव्या लागल्या नाहीत.

वऱ्हाडी मन

पारिजातताई, तुमचं वाचून गलबलून आलं. तरीही मी न घेणाऱ्यांपैकी आहे, ती बाजू मांडतो.

बारा-पंधरा वर्षं इथे झाली, जर्मन चांगलं येतं, परीक्षाही देऊन ठेवली आहे. अर्ज केला नाही, कारण आम्हाला परत जायचं आहे आणि ते नुसतं म्हणायचं म्हणून नाही. नागपूरजवळ घर बांधून झालं आहे. तिथे गेल्यावर मला गावच्या कामात पडायचं आहे, ग्रामपंचायतीला उभं राहायचं आहे. ओसीआयला मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी पद नाही. पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर 2021च्या अधिसूचनेनुसार वेगळी परवानगी लागते. सरकार ठरावीक कारणांसाठी ते कार्ड रद्दही करू शकतं. म्हणजे राहायचा हक्क आहे, पण गावाचा कारभार ठरवण्यात वाटा नाही. मला तो वाटा हवा आहे.

परदेशातला भारतीय म्हणून माझं नाव मतदार यादीत आहे. मतदानाला मात्र प्रत्यक्ष आपल्या मतदारसंघात जावं लागतं. जमेल तेव्हा गेलो आहे. हा खर्च मला कधी वाया गेलेला वाटला नाही.

ज्यांची मुलं इथेच राहणार आहेत त्यांनी नागरिकत्व घ्यावं, त्यात देशद्रोह वगैरे काही नाही, आणि तसं बोलणाऱ्या नातेवाइकांकडे लक्ष देऊ नये. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे घ्या. गदर चळवळीतला हा माणूस पुढे मेक्सिकोला गेला, चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात मक्याच्या वाणांवर काम केलं, तिथलं नागरिकत्व घेतलं. देश स्वतंत्र झाल्यावर ते सोडून परत आले आणि नागपुरात राहिले. 1967 साली तिथेच वारले. त्यांच्या देशप्रेमाबद्दल कोण शंका घेईल?

रानवाटा

खानखोज्यांसारखं परत येणं आजही कायद्यात आहे. ओसीआय म्हणून नोंद होऊन पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहणं झालं, की कलम 5(1)(ग) खाली पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अर्थात तेव्हा जर्मन नागरिकत्व सोडावं लागेल. हा रस्ता वापरणारे थोडे आहेत, पण आहे.

कृष्णाकाठ

पारिजात, सहा महिन्यांचा नियम ऐकून माहीत होता, पण आई-वडिलांच्या आजारपणाशी त्याची अशी सांगड मी घातलीच नव्हती. काल नवऱ्याला तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. वऱ्हाडी मन, तुमचंही पटतं. आम्ही परत जाऊ असं मी आता प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. लेकीची शाळा, तिच्या मैत्रिणी, आमचं काम, सगळं इथे आहे.

अजून एक मनात आहे. इतकी वर्षं इथे कर भरतो, पण इथल्या साध्या गावच्या निवडणुकीतही मत नाही. इटलीहून मागच्या वर्षी आलेल्या माझ्या सहकारणीला गावच्या निवडणुकीत मत देता येतं, कारण ती ईयूची. फेब्रुवारी 2025 मध्ये बुंडेस्टागची, म्हणजे इथल्या संसदेची, निवडणूक झाली, आमच्यासारख्यांबद्दल एवढं बोललं गेलं, आणि आम्ही नुसते ऐकत बसलो.

तिसरी घंटा

मताबद्दल कृष्णाकाठने लिहिलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पासपोर्टवर किती देशांत व्हिसाशिवाय जाता येतं यावर आपल्या गटांत खूप चर्चा होते. ज्या देशाचे आपण नागरिक होतोय त्याबद्दल फार कमी होते.

मी परीक्षेचा अभ्यास नुसता प्रश्नोत्तरं पाठ करून न करता थोडा खोलात केला, आणि एका ठिकाणी थांबले. जर्मन ग्रुंडगेझेट्सच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, कलम 16 मध्ये लिहिलंय की जर्मन नागरिकत्व काढून घेता येणार नाही. एवढ्या ठामपणे का? कारण इथे ते काढून घेतलं गेलं होतं. 1935च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंना पूर्ण नागरिकाच्या हक्कांतून बाहेर काढलं. नोव्हेंबर 1941च्या एका आदेशाने परदेशात राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्वच रद्द केलं आणि मालमत्ता सरकारजमा केली. जीव वाचवायला पळालेली माणसं एका रात्रीत कुठल्याच देशाची राहिली नाहीत. म्हणूनच कलम 116 मध्ये अशा लोकांना आणि त्यांच्या वंशजांना ते परत मिळवण्याचा हक्क दिला आहे. आजही लोक तो वापरतात.

2024च्या कायद्याने अर्जदाराच्या निष्ठापत्रात एक भाग वाढवला: नाझी राजवटीतल्या अन्यायाबद्दल जर्मनीची जी खास ऐतिहासिक जबाबदारी आहे ती मान्य करणं, विशेषतः ज्यू जीवनाचं रक्षण. काही जण विचारतात, आमचा या इतिहासाशी काय संबंध? माझं म्हणणं असं, की घरात राहायला आलो तर त्या घराचं कर्जही आपलं. इथल्या पेन्शनवर, दवाखान्यावर, मुलांच्या मोफत विद्यापीठावर आपण हक्क सांगणार असू, तर इतिहासाची जबाबदारी तेवढी दुसऱ्यांची म्हणता येणार नाही. आमच्या गल्लीत फुटपाथवर पितळेचे श्टोल्परश्टाइन (नाझींच्या बळींच्या स्मृतीचे छोटे दगड) आहेत, तिथून ज्यांना नेलं त्यांची नावं कोरलेली. नागरिकत्वाचा अर्ज दिल्यापासून मी ती नावं थांबून वाचते.

प्रमाणपत्र हातात देण्याआधी एक वाक्य मोठ्याने म्हणावं लागतं, की मी ग्रुंडगेझेट्स आणि इथले कायदे मानीन आणि या देशाला अपाय होईल असं काही करणार नाही. माझ्या आधी एक सिरियन आजोबा होते, त्यांचा आवाज ते म्हणताना कापत होता. 2024 साली जवळजवळ 2 लाख 92 हजार लोक इथे नागरिक झाले, त्यात सर्वांत जास्त सिरियन. आपल्यासाठी हा निवडीचा प्रश्न आहे, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना मागे परतायला जागाच नव्हती.

मी घेतलं, आणि पूर्ण मनाने घेतलं. मराठीपणात तसूभर फरक पडलेला नाही, मंडळाच्या गणपतीची सजावट अजून माझ्याकडेच असते.

मांडवी

मी गोव्याची, आता लिस्बनमध्ये. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. 19 डिसेंबर 1961च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पासपोर्ट मिळतो, त्यामुळे देश न बघताही लोक पोर्तुगीज होतात. माझ्या चुलत्यांचं तसंच झालं. मी मात्र इथे येऊन, भाषा शिकून राहिले. तिसरी घंटा यांनी लिहिलंय ते म्हणून फार पटलं. देश बघून, तिथे राहून नागरिक होण्यात वेगळं समाधान आहे.

कोकणकडा

जमिनीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मी पुण्यात वकिली करतो, भाऊ म्युनिकला असतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं माहीत आहे.

पहिली गोष्ट. शेतजमीन विकत घ्यायची बंदी ओसीआयला आहे, पण परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकालाही आहे. परकीय चलन कायद्याच्या नियमांत एनआरआय आणि ओसीआय दोघांनाही शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस घेता येत नाही. म्हणजे कृष्णाकाठताई, तुम्ही आज भारतीय असूनही वाईत शेत विकत घेऊ शकत नाही. फरक पडतो तो परत येऊन इथे स्थायिक झाल्यावर. तेव्हाही महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम 63 मुळे घेणारा शेतकरी असावा लागतो.

दुसरी गोष्ट, वारसा. वडिलांची जमीन वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने तुम्हाला मिळू शकते, तुम्ही जर्मन नागरिक असलात तरी. पण वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र करून देऊ नये. शेतजमीन बक्षीस म्हणून घ्यायला एनआरआय आणि ओसीआय दोघांनाही परवानगी नाही. गावाकडे बरेचदा प्रेमापोटी "आत्ताच तुझ्या नावावर करून टाकतो" असं होतं, ते थांबवा. साधं, नोंदणी केलेलं मृत्युपत्र करा. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल.

तिसरी गोष्ट नावाची, आणि इथे मराठी माणसाची खास पंचाईत होते. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि जर्मनीत ते सगळं तुमचं पहिलं नाव धरलं जातं. माझ्या वहिनीला दवाखान्यातून येणाऱ्या पत्रांवर माझ्या भावाचं नाव असायचं. नागरिक झाल्यावर श्टांडेसआम्टमध्ये (जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात) ईजीबीजीबी या जर्मन कायद्याच्या कलम 47 खाली निवेदन देऊन हे मधलं नाव काढता येतं. वहिनीने काढलं. पण त्यामुळे इकडे पॅन, बँक, पदवी, सातबारा यांवरचं नाव वेगळं पडतं. ते निवेदन जपून ठेवा, भाषांतर करून ठेवा, आणि वडिलांच्या मृत्युपत्रात तुमचं जुनं आणि नवं, दोन्ही नावं लिहून घ्या. वारस नोंदीच्या वेळी "ही तीच मुलगी" हे सिद्ध करण्यात लोकांचे महिने जातात.

पारिजात

कोकणकडा, नावाचं अगदी खरं. मी मधलं नाव ठेवलं, इकडच्या कागदांच्या धास्तीने.

एक सूचना सगळ्यांना. प्रमाणपत्र ज्या दिवशी हातात येतं त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो गुन्हा आहे. त्याच आठवड्यात जर्मन पासपोर्टचा अर्ज द्या, घाई असेल तर जादा पैसे भरून एक्सप्रेस मिळतो. मग भारतीय दूतावासात जुना पासपोर्ट जमा करून समर्पण प्रमाणपत्र घ्या, आणि ते मिळाल्यावर ओसीआयचा अर्ज. या मधल्या काळात भारताची तिकिटं काढू नका, आणि घरी कुणी फार आजारी असेल तर प्रमाणपत्र घ्यायची तारीख पुढे मागून घ्या.

नवीन सभासद: पाऊलवाट

आमचा मुलगा 2009चा आहे. जर्मन केलं तर सैन्यात जावं लागेल असं सासरे म्हणतात. कुणाला माहीत आहे का?

रानवाटा

सक्तीची भरती आत्ता नाही. 2026च्या सुरुवातीपासून नवा नियम आहे, 2008 आणि नंतर जन्मलेल्या जर्मन मुलग्यांना अठरा पूर्ण झाल्यावर प्रश्नावली भरणं बंधनकारक आहे, मुलींना ऐच्छिक. सैन्यात जाणं स्वेच्छेचंच. पुढे संसद काय ठरवेल ते ठरवेल, पण मुलाशी यावर बोला. सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्याचंही मत आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही गेले काही आठवडे यावर रोज बोललो, आई-बाबांशीही. निर्णय असा झाला आहे:

मी आणि लेक अर्ज करतोय. नवरा तूर्त करणार नाही. त्याचे आई-वडील त्याच्या भावाजवळ आहेत, त्याच्यावर लांब राहायला जाण्याची वेळ यायची शक्यता कमी, आणि त्याला वऱ्हाडी मन यांच्यासारखं पुढेमागे परत जाण्याचं मनात आहे. मी एकुलती आहे, मला कधीही, कितीही दिवस जाता आणि परत येता आलं पाहिजे. एका घरात दोन पासपोर्ट राहतील. बाबांना हे पटायला वेळ लागला. त्यांना माझ्या नागरिकत्वापेक्षा जावयाला एकट्याला वेगळ्या रांगेत उभं राहावं लागेल याचंच वाईट वाटत होतं.

बी-1चं प्रमाणपत्र आहे, परीक्षेची तारीख फोल्क्सहोखशूलेने दिली आहे. तिसरी घंटा, तुमच्या प्रतिसादानंतर मी प्रश्नोत्तरांच्या जोडीने ग्रुंडगेझेट्सची पहिली वीस कलमं वाचतेय, लेकीलाही मोठ्याने वाचून दाखवते. तिने वर्गात जाऊन पहिलं कलम म्हणून दाखवलं.

कोकणकडा, बाबा मृत्युपत्राला तयार आहेत. दोन प्रश्न राहिले. साक्षीदार गावातलेच चालतील का, आणि पुढे वारस नोंदीसाठी मला प्रत्यक्ष वाईला यावं लागेल का?

कोकणकडा

साक्षीदार गावातले चालतील, दोन हवेत, पण ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे ते नकोत. तुमचे यजमानही साक्षीदार नकोत. बाबांपेक्षा वयाने लहान आणि गावात टिकून राहणारी माणसं घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करा, त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला जोडा.

वारस नोंद हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायची असते. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज करता येतो. कुणाला तरी विश्वासाने कुलमुखत्यारपत्र दिलंत तर पुढची धावपळ तो करेल, ते जर्मनीतल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवा. आणि आत्ताच एक करा: सातबारा आणि 8-अ चा ताजा उतारा काढून बाबांचं नाव त्यांच्या आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते तपासा. जुळत नसेल तर बाबा हयात असतानाच तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज द्या.